हद्दीच्या आत

शहरांनाही पुढारी हवेत असं सरकारच्या मनात आलं, तेव्हा पट्टीबाईंना महापालिकेच्या नकाशा विभागात सव्वीस वर्षं झाली होती. देशातली पाच शहरं निवडायची, त्यांना ‘अग्रणी शहर’ म्हणायचं, रस्ते, पाणी, दवाखाने, कारखाने आधी त्यांच्या पदरात टाकायचे आणि बाकीच्या शहरांनी त्यांच्याकडे बघून चालायला शिकायचं, अशी ती योजना. परिपत्रक चौदा पानांचं होतं. पट्टीबाईंनी ते एकदा वाचलं, टेबलावर ठेवलं आणि चहा घ्यायला गेल्या. अशी परिपत्रकं त्यांनी खंडीभर पाहिली होती.

पट्टीबाई हे नाव त्यांना हातातल्या लाकडी पट्टीमुळे पडलं होतं. सगळा विभाग संगणकावर गेला तरी बाई आधी कागदावर रेघ ओढायच्या आणि मग ती यंत्रात उतरवायच्या. नवे लोक गालातल्या गालात हसायचे. पण हद्दीचा वाद कोर्टात गेला की तेच लोक बाईंच्या कपाटापाशी येऊन मांजरासारखे उभे राहायचे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि बावीस किलोमीटरवरच्या नदीकाठच्या गावात थोरला भाऊ नि वहिनी, एवढाच त्यांचा गोतावळा.

परिपत्रकाच्या सहाव्या पानावर घोडं अडलं. अग्रणी व्हायला शहराची लोकसंख्या दहा लाख हवी होती. या शहराची भरत होती नऊ लाख बारा हजार.

नियोजन विभागाच्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. साहेब हुशार होते आणि माणूस म्हणूनही वाईट नव्हते. या शहरावर त्यांचा खरोखर जीव होता, आणि तेच पुढे सगळ्यांना महागात पडलं.

“बाई, अठ्ठ्याऐंशी हजार माणसं कमी पडतात,” साहेब म्हणाले. “आता जन्माला घालायला वेळ नाही.”

“मग?”

“मग रेषा सरकवा.”

बाईंनी रेषा सरकवली. पूर्वेकडची अकरा गावं आणि वस्त्या त्यांनी हद्दीच्या आत घेतल्या. त्यांत सगळ्यांत मोठं होतं ते त्यांचं स्वतःचं गाव, एकोणीस हजार वस्तीचं. ती रेघ ओढताना बाईंचा हात जरा जास्तच हळुवार चालला. आपण जन्मलो ते गाव देशातल्या पहिल्या पाचांत जाऊन बसणार, या विचाराने त्यांना त्या दुपारी पहिल्यांदाच परिपत्रकात जीव असल्यासारखं वाटलं. तीन आठवडे खपून त्यांनी नकाशा पुरा केला. साहेबांनी तो भिंतीवर लावून लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि म्हणाले, “बाई, हे तर जन्मापासून असंच असल्यासारखं दिसतंय.” बाईंना ते शब्द पुढे कित्येक दिवस पुरले.

गावं आत घ्यायची तर गावांची संमती लागणार होती. प्रत्येक गावात सभा झाली. नदीकाठच्या गावातली सभा शाळेच्या सभागृहात भरली, आणि गाव स्वतःचं म्हणून नकाशा समजावून सांगायला साहेबांनी बाईंनाच सोबत घेतलं.

जाताना गाडीत साहेब म्हणाले, “पाण्याचं विचारतील. सांगा, आहे ते राहील आणि वर शहराचंही मिळेल.”

“लेखी आहे का कुठे?”

“अग्रणी झालो की सगळंच लेखी होईल. घोषणा झाल्याशिवाय लेखी कोण देणार, बाई?”

बाईंना ते पटलं. निदान त्या वेळी पटलं.

गावाचं पाणी म्हणजे बाईंचा दादा. नदीच्या पलीकडच्या काठाला, छोट्या पुलाच्या टोकाशी, दगडी पंपघर होतं आणि सत्तावीस वर्षं दादा ते सांभाळत होता. आत दोन मोटारी. मोठीला तो थोरली म्हणायचा, लहानीला धाकटी. थोरली रुसली की धाकटीवर भागवायचं, दोघी रुसल्या की स्वतः जेवायचं नाही, असा त्याचा खाक्या. वहिनी म्हणायची, “दोन सवती पदरात घेऊन आले हो मी.” पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी पाचला गावात पाणी यायचं. त्या वेळा इतक्या पक्क्या होत्या की लोक घड्याळं त्यावर लावायचे. स्वतः वहिनी गावच्या बारा खाटांच्या प्रसूतिगृहात नर्स होती. अर्धं गाव तिच्या हातावर पहिल्यांदा रडलेलं.

सभेत साहेब पाऊण तास बोलले. मग प्रश्न सुरू झाले. गावचा शिंपी उठला आणि म्हणाला, “आम्ही शहराचे झालो, हे कळलं. शहर आमचं होणार का, तेवढं सांगा.” लोक हसले, साहेबही हसले.

मग मागच्या बाकावरून दादा उठला. त्याच्या हाताला ग्रीसचा वास असायचा, म्हणून तो नेहमी मागेच बसायचा. त्याने साहेबांकडे पाहिलंच नाही. तो बहिणीकडे बघून बोलला.

“पंपघर राहणार ना गं?”

सगळ्या सभागृहाच्या माना बाईंकडे वळल्या. बाईंना ठाऊक होतं की आपल्याला ठाऊक नाही. पण समोर दादा होता, शेजारी साहेब होते आणि मागे भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या हातचा तो देखणा नकाशा.

“राहील,” त्या म्हणाल्या. “आहे ते राहील, दादा. वर शहराचंही मिळेल.”

“मग झालं तर,” दादा म्हणाला आणि पहिला हात त्याने वर केला. त्याच्या मागोमाग हातच हात वर गेले. शिंप्याने तेवढा केला नाही. दोन महिन्यांनी गावची नगर परिषद बरखास्त झाली, तिचा शिक्का लाखबंद पाकिटात घालून शहरात आला आणि शहर कागदावर दहा लाख चार हजारांचं झालं.

मग पाहणी समिती येणार म्हणून शहराने अंग धुतलं. फुटपाथच्या कडा रंगवल्या. नऊ वर्षं कोरडं पडलेलं स्टेशनसमोरचं कारंजं उडायला लागलं. लोक ते बघायला सहकुटुंब जायचे. मोठ्या दवाखान्यात नव्या चादरी आल्या आणि समितीचं वाहन निघून जाईपर्यंत त्यांच्यावर कुणाला झोपू दिलं नाही. समितीत तिघे होते. त्यातल्या एकाला सर्दी होती. तो सारखा रुमाल शोधत होता. नकाशा विभागात ते जेमतेम दहा मिनिटं थांबले. सर्दीवाल्याने पूर्वेकडच्या फुगवट्यावर बोट ठेवलं.

“हे गाव आणि शहर, यांच्यात मध्ये काय आहे?”

“शेतं आहेत,” बाई म्हणाल्या. “एक रस्ता आहे.”

“रस्त्यावर काय?”

साहेब पुढे होऊन म्हणाले, “भविष्य आहे, सर.”

सर्दीवाला हसला. नकाशाकडे पुन्हा बघत म्हणाला, “रेषा मात्र छान मारली आहे.” आणि ते तिघे पुढच्या दालनात गेले.

यादी जाहीर झाली ती एका मंगळवारी दुपारी. कँटीनमधल्या टीव्हीपुढे सगळं कार्यालय उभं होतं. पहिलं नाव, दुसरं नाव. तिसरं नाव आलं ते तीन तासांवरच्या मोठ्या शहराचं, आणि कुणीतरी म्हणालं, “एवढ्या जवळजवळ दोन देणार नाहीत.” दिली नाहीत. पाचवं नाव झाल्यावर टीव्हीवर हवामान लागलं. साहेबांनी हातातला पेला शांतपणे खाली ठेवला आणि ते आपल्या खोलीत गेले.

संध्याकाळपर्यंत सविस्तर आदेश आला. या शहराला ‘अनुगामी शहर’ असा दर्जा मिळाला होता. त्याचा अर्थ तीन तासांवरच्या अग्रणी शहराने पुढे जायचं आणि याने मागून जायचं. पुढच्या वर्षभरात दवाखान्याचा हृदयरोग विभाग तिकडे गेला. तंत्रशाळा गेली. रेल्वेचं दुरुस्ती केंद्र गेलं आणि त्याच्यामागोमाग चारशे कुटुंबं गेली. साहेबांनाही तिकडे बढती मिळाली. निरोपाच्या दिवशी ते बाईंना म्हणाले, “आपण मनापासून केलं, बाई.” बाई हो म्हणाल्या. केलं मनापासूनच होतं.

हद्द मात्र तशीच राहिली. अकरा गावं आत घेतल्याचा कायदा झाला होता, आणि शहर अग्रणी झालं नाही तर ती परत बाहेर काढायची, असं त्यात कुणी लिहिलं नव्हतं.

सर्वांत आधी प्रसूतिगृह गेलं. शहराच्या हद्दीत मोठा दवाखाना असताना बारा खाटांचं वेगळं कशाला, असा साधा हिशेब. वहिनीला शहरात घेतलं, पण कामाला लावलं नोंदणीच्या खिडकीवर. रोज बावीस किलोमीटर जायचं, बावीस यायचं. गावच्या बायकाही तोच रस्ता धरायच्या. एका सकाळी लोहाराची सून त्या रस्त्यावर बसमध्येच बाळंत झाली. वहिनी त्याच बसमध्ये होती म्हणून आई वाचली. मूल वाचलं नाही. त्या दिवशी वहिनी खिडकीवर तासभर उशिरा पोचली आणि तिची अर्धी रजा मांडली गेली.

त्यानंतर सहा महिन्यांनी दादा कार्यालयात आला. अठ्ठावीस वर्षांत तो बहिणीच्या कार्यालयात पहिल्यांदाच आला होता. खुर्चीच्या कडेवर टेकून त्याने खिशातला कागद काढला.

“शहराच्या हद्दीत एकच पाणीपुरवठा, असं म्हणतात,” तो म्हणाला. “पंपघर बंद करायचं आहे. नदीचं पाणी तपासलेलं नाही म्हणे. एकोणतीस वर्षं मी काय करत होतो, ते यांना कोण सांगणार?”

“आणि शहराचं पाणी?”

“नळ टाकतील. केव्हा ते विचारलं. अग्रणी शहराची कामं संपली की अनुगामी शहरांचा नंबर, म्हणाले. तोवर आठवड्यातून दोनदा टँकर.” त्याने कागदाची घडी घातली. “तू सभेत म्हणाली होतीस, म्हणून विचारायला आलो. नाहीतर आलो नसतो.”

त्याच्या आवाजात राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. तो खरंच विचारायला आला होता. जसा एखादा माणूस पावती हरवल्यावर दुकानात जाऊन विचारतो, तसा.

“मी बघते, दादा,” त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी बघितलं. पंधरा दिवस त्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडल्या. पाणी विभाग म्हणाला, आदेश वरून आहे. वरच्या मजल्यावर म्हणाले, आदेश त्याच्याही वरून आहे. शेवटी विधी विभागातल्या म्हाताऱ्या कारकुनाने त्यांना कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. तो भला माणूस होता. स्वतः चष्मा पुसून त्याने कलम वाचलं.

“गाव पुन्हा बाहेर पडू शकतं, बाई. तरतूद आहे.”

“काय करावं लागतं?”

“गावच्या नगर परिषदेने तसा ठराव करायचा.”

“नगर परिषद बरखास्त झाली आहे.”

“हो ना,” कारकून म्हणाला. त्याने पुस्तक मिटलं नाही, तसंच उघडं ठेवून तो त्याच्याकडे बघत राहिला. “मलाही ते वाचतानाच लक्षात आलं.”

मग बाईंना एक शेवटची आशा सुचली. पंपघर नदीच्या पलीकडच्या काठाला होतं. हद्द नदीने धरली असेल तर पंपघर हद्दीबाहेर पडतं आणि मग शहराला त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. कपाटातून मूळ कागद काढून त्यांनी टेबलावर पसरला, आणि पसरताना त्यांना आठवलं. अकरा गावांभोवतीची ती रेघ पूर्वेला नदीच्या मध्यातून सरळ खाली उतरत होती. फक्त एका जागी ती वाकडी झाली होती. पुलापाशी तिने पलीकडे हात घालून पोरीला कडेवर घ्यावं तसं ते नखाएवढं पंपघर उचलून आत घेतलं होतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनीही नाही. दादाचं पंपघर अग्रणी शहरात असावं म्हणून त्यांनी स्वतः, आपल्या बुद्धीने, तो वळसा घातला होता.

हातात पट्टी होती आणि टेबलावर खोडरबरही होतं. पण त्या नकाशाच्या शिक्का मारलेल्या प्रती चार कार्यालयांत होत्या आणि तो राजपत्रात छापून आला होता. इथली रेघ खोडून तिथली खोडली जाणार नव्हती.

रविवारी गावी जाऊन त्यांनी दादाला हे सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कुणाला कधी कळलंही नसतं. पण त्यांना ते पोटात ठेवून जगता आलं नसतं.

दादा अंगणात एक जुनी दोरी उकलत बसला होता. तो म्हणाला, “म्हणजे तू मुद्दाम आत घेतलंस.”

“हो.”

“चांगल्यासाठीच घेतलंस.”

“हो.”

“मग आता काय बोलायचं,” दादा म्हणाला आणि दोरी उकलत राहिला.

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, “ते नाही बोलणार. मी बोलते. त्या सभेत तुम्ही ‘मला माहीत नाही’ असं म्हटला असता ना, तर ह्यांनी हात वर केला नसता. तीन शब्द होते, वन्सं. त्या लोहाराच्या घरी मला अजून तोंड वर करून जाता येत नाही.” मग ती आत गेली आणि चहा करून घेऊन आली, कारण नणंद उन्हातून आली होती.

एक वाट उरली होती. बाई तीन तासांचा प्रवास करून अग्रणी शहरात गेल्या आणि साहेबांना भेटल्या. साहेबांचं कार्यालय अकराव्या मजल्यावर होतं. खाली चारी बाजूंना क्रेन उभ्या होत्या आणि धुळीमुळे पुढचं काही दिसत नव्हतं. साहेब वाळले होते. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

“पंपघर हद्दीतून वगळायची शिफारस मी करू शकतो,” ते म्हणाले. “पण उपयोग नाही.”

“का?”

साहेब उठले आणि त्यांनी भिंतीवरचा पडदा सरकवला. मागे नकाशा होता. रेषा संगणकाने मारलेली, जाड, लाल. ती अग्रणी शहराभोवती फिरून पश्चिमेला लांबत गेली होती आणि तिच्या आत बाईंचं सबंध शहर आलं होतं, अकरा गावांसकट.

“यांनाही संख्या कमी पडते आहे,” साहेब म्हणाले. “पाच अग्रणी शहरांतून पुढे दोन निवडायची आहेत. दोन वर्षांत तुमची महापालिका राहणार नाही, बाई. शिफारस करायची ती कुणाला?”

बाईंनी नकाशा पाहिला. सवयीने त्यांचं लक्ष आधी रेषेकडेच गेलं. रेषा वाईट होती. डोंगरावरून सरळ गेली होती, एक तळं तिने मधोमध कापलं होतं.

“कुणी काढला हा?”

“कुणीच नाही. यंत्राने.” साहेबांनी पडदा ओढून घेतला. “तुमचा विभाग इकडेच येणार आहे. हुकूम निघेल. मी तुमचं नाव आधीच दिलंय. तिथे राहिलात तर तुम्हाला काम उरणार नाही.”

साहेबांना तो उपकार म्हणूनच करायचा होता. बाईंना तेही कळत होतं.

पंपघर बंद करायचा आदेश होऊन चार महिने झाले तरी दादा रोज पहाटे थोरली चालू करत होता. वीज तोडली तेव्हा त्याने कुणाकडून तरी डिझेलचं इंजिन आणलं आणि धाकटीवर गावाला अर्धा तास का होईना, पाणी पोचवलं. टँकर कधी यायचा, कधी नाही. मग एका बुधवारी दोन्ही मोटारी जमा करून घ्यायला पाणी विभागाची गाडी निघाली, आणि जागा हद्दीत आहे अशी सही करायला नकाशा विभागाचा माणूस लागतो म्हणून बाईंना सोबत नेलं.

त्या नाही म्हणू शकल्या असत्या. दुसरं कुणी गेलं असतं. पण परक्या माणसाच्या सहीने ते व्हावं, हे त्यांना सहन होईना.

पुलापाशी गावातले वीस-पंचवीस लोक उभे होते. कुणी आरडाओरडा केला नाही. शिंपी होता. लोहार होता. दादाने स्वतः पाने काढले आणि मोटारींचे बोल्ट सैल करून दिले. गाडीबरोबर आलेल्या कामगाराने एक बोल्ट उलटा पिळला तेव्हा तो म्हणाला, “अरे सावकाश, त्याचे आटे जातील,” आणि स्वतः खाली बसून तो काढला. थोरली उचलायला सहा माणसं लागली. ती बाहेर आल्यावर जमिनीवर तिच्या पायांचे चार चौकोन उमटलेले दिसले. एकोणतीस वर्षांत तिथली फरशी उन्हात आली नव्हती.

पाणी विभागाच्या अधिकाऱ्याने पंचनाम्याचा कागद पुढे केला. बाईंनी तो पूर्ण वाचला. शेवटी ‘शेरा’ म्हणून दोन ओळी मोकळ्या होत्या. तिथे त्यांनी लिहिलं: ‘मोटारी काढते वेळी गावास पाण्याची दुसरी कोणतीही व्यवस्था नाही. ही जागा हद्दीत घेण्याची चूक माझी आहे.’ आणि खाली सही केली.

अधिकाऱ्याने ते वाचलं. “हे कशाला लिहिलं, बाई?”

“खरं आहे म्हणून.”

“राहू द्या मग,” तो म्हणाला. “तसंही हे उघडून कोण वाचतंय?” त्याने कागद फाईलमध्ये ठेवला. गाडी पुलावरून निघून गेली. लोक थोडा वेळ उभे राहिले आणि मग एकेक करून घरी गेले.

दादाने पंपघराला कुलूप घातलं. आत काही नव्हतं तरी घातलं. किल्ली त्याने बाईंच्या हातात दिली. “ही तुमच्या कार्यालयात जमा करायची असेल ना?” तो म्हणाला. ‘तुमच्या’ हा शब्द त्याने टोचायला वापरला नव्हता. त्याच्या तोंडून तो सहज आला, म्हणून बाईंना तो जास्त लागला.

हिवाळ्यात हुकूम निघाला आणि बाई अग्रणी शहरात राहायला गेल्या. जायच्या आधी त्यांनी दादा-वहिनीला आपल्या दोन खोल्यांत येऊन राहायला सांगितलं. वहिनी तयार होती, दादा झाला नाही. एवढ्या माणसांना टँकरच्या रांगेत सोडून मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन काय करू, म्हणाला. शिंपी गाव सोडून गेला. लोहाराचं घर गेलं. शाळेत पाचवीच्या पुढचे वर्ग बंद झाले. दादा टँकरची रांग लावायला उभा राहायचा, म्हाताऱ्यांच्या घागरी आधी भरून द्यायचा. दुसरं काही काम त्याच्याकडे उरलं नव्हतं.

बाई दर रविवारी सकाळी फोन करायच्या. बोलायला फारसं नसायचं. टँकर आला होता का, वहिनीचं गुडघ्याचं कसं आहे, एवढंच. दादा सगळ्याची उत्तरं नीट द्यायचा. त्याने बोलणं कधी टाळलं नाही आणि स्वतःहून फोन कधी केला नाही.

एका रविवारी तो थोडा जास्त बोलला. नदी बरीच आटली म्हणाला. मग विचारलं, “तिकडे पाणी कसं आहे गं?”

बाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. या इमारतीत पाणी दिवसभर यायचं. नळ केव्हाही सोडला तरी धार भरून यायची. शेजारचे लोक गाड्या धुवायचे, जिना धुवायचे आणि नळ बंद करायचं विसरून बाहेर जायचे. पहिले काही आठवडे बाई पहाटे साडेपाचला उठून बादल्या भरून ठेवत. मग त्यांनी तेही सोडून दिलं.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “येतं थोडंफार.”

“मग बरं,” दादा म्हणाला. “भरून ठेवत जा.”

“हो,” बाई म्हणाल्या.